‘पिअर प्रेशर’ला मराठीत काय म्हणावं?

टाचण:
दुसऱ्या महायुद्धातल्या एका जर्मन राखीव पोलीस तुकडीवरचा लेख मराठीत आणतेय. १३ जुलै १९४२ रोजी या तुकडीने पोलंडमधल्या योझेफूव गावात सुमारे १५०० ज्यूंना गोळ्या घातल्या. मेजरने आधीच सांगितलं होतं, ज्या वयस्कर जवानांना हे झेपणार नाही त्यांनी बाजूला व्हावं. सुमारे ५०० जणांतून तेव्हा जेमतेम डझनभर झाले. इतिहासकार ख्रिस्तोफर ब्राऊनिंग यामागे पिअर प्रेशर हे एक मोठं कारण मानतात. मी ‘समवयस्कांचा दबाव’ लिहिलं, ते संपादकांनी खोडलं. तुकडीत तरुण होते, चाळिशीतलेही होते, मग समवयस्क कुठले? ‘बरोबरीच्यांचा दबाव’ चालेल?

कोरांटी:
दबाव म्हटलं की कुणीतरी दाबणारा लागतो. इथे कुणी दाबलंच नाही. आपला शब्द आहे, भीड. हिंदीत भीड म्हणजे गर्दी, मूळ एकच असणार. गर्दीत उभं राहिलं की भीड पडते.

जुनीवही:
उच्चार जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही. आणि भिडेपोटी माणूस उसने पैसे देतो, लहान मुलांवर गोळ्या झाडत नाही. हा शब्द गुन्हा सौम्य करतो. माझा ठाम विरोध.

कोरांटी:
सौम्य कसा? बाजूला झालेल्यांतल्या अनेकांनीही ‘हे वाईट आहे’ असं म्हटलं नाही, ‘आमचं मन तेवढं घट्ट नाही’ असं म्हटलं. ब्राऊनिंगच लिहितात हे. सोबत्यांना दोष दिल्यासारखं वाटू नये म्हणून! याला भीड नाही तर काय म्हणणार?

पाऊलवाट:
शाळेत मी अडखळत बोलायचे. एकेकटी भेटली की वर्गातली कुठलीही मुलगी माझ्याशी नीट वागायची. चौघी जमल्या की नक्कल सुरू. त्यांना कुणी धमकावत नव्हतं. पुढे एकीने हसणं थांबवलं आणि आठवड्याभरात बाकीच्यांचंही ओसरलं. त्यामुळे ‘दबाव’ मलाही पटत नाही, पण ‘भीड’ फार सभ्य वाटते. माझ्या मनात ‘री ओढणं’ येतं. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशच्या १९५०च्या दशकातल्या, रेघांची लांबी ओळखायच्या प्रयोगांत बरोबर उत्तर डोळ्यांसमोर असूनही सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी एकदा तरी इतरांच्या चुकीच्या उत्तराची री ओढली. एक जण खरं बोलला की हे प्रमाण झपाट्याने उतरायचं.

जुनीवही:
री ओढायला पुढे गाणारा लागतो. इथे कोण होता? मेजर तर स्वतः रडत होता.

कोरांटी:
मागे गाणारे ओढतात ती झील. री वेगळी.

पाऊलवाट:
आमच्या घरी दोन्ही एकाच अर्थाने वापरतात.

जुनीवही:
घरी काहीही वापरतात. छापताना फरक पाळायला हवा.

टाचण:
‘बरोबरीच्यांचा’बद्दल कुणी बोलेल का?

कोरांटी:
बोलू, पण आधी झील आणि री यांचं ठरू दे. जुनीवही, तुमच्याकडे जुना कोश आहे ना?