नकाशावर फास्ट चार्जर ढीगभर, प्रत्यक्षात चालू किती? लांबच्या प्रवासासाठी सल्ला हवाय

नवखा_चालक

मंडळी नमस्कार. पहिली इलेक्ट्रिक गाडी घेऊन चार महिने झाले. रोजच्या जाण्यायेण्याला एकदम झकास, रात्री घरी लावली की सकाळी फुल्ल, त्यामुळे बाहेरच्या चार्जरचं तोंड बघायची वेळच आली नव्हती. ती मागच्या महिन्यात आली. लांब जायचं होतं, निघताना ॲपवर बघितलं तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या ठिपक्यांची रांगोळी, म्हटलं कसली काळजी. १८ टक्क्यांवर पहिल्या ठिकाणी पोचलो तर मशीनची स्क्रीन काळी ठिक्कर, ॲपमध्ये मात्र अजून 'उपलब्ध'. दुसरं ठिकाण नऊ किलोमीटरवर, तिथे मशीन एक आणि गना (गाडीत खुपसायची केबलची तोंडं) दोन, एक गन आधीच कोणीतरी लावलेली, मी दुसरी लावली तर मशीनवर लिहिलंय ६० किलोवॅट आणि मला मिळतायत २८! माझी गाडी कागदोपत्री १०० घेते. मागे आईबाबा बसलेले, बाबा दर दहा मिनिटांनी "झालं का रे" विचारणार आणि मी दर दोन मिनिटांनी स्क्रीनकडे बघणार. सव्वा तास गेला तिथे.

आता पुन्हा जायचंय, एका बाजूने ४२० किलोमीटर, बॅटरी ६० युनिटची. निघायच्या आधी चार्जर खरंच चालू आहे का हे तुम्ही कसं ठरवता? आणि ते २८ चं काय गौडबंगाल, गाडीत प्रॉब्लेम आहे की मशीनमध्ये? सर्व्हिस सेंटरला विचारलं तर ते म्हणाले "गाडी ओके आहे सर", बास, पुढे काही नाही.

सॉकेट_शोधक

सगळ्यात आधी ठिपके मोजायचं सोडा. ठिपका म्हणजे इथे कधीतरी कोणीतरी मशीन बसवलं होतं, एवढंच. मी बघतो ते म्हणजे त्या ठिकाणी शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं. प्लगशेअरसारख्या ॲपवर लोक स्वतः लिहितात, काल चार्ज झाली, गन नंबर दोनचं लॉक अडकतंय, रात्री गेट बंद असतं वगैरे. दोन दिवसांपूर्वीची एक ताजी कमेंट कंपनीच्या ॲपमधल्या हिरव्या रंगापेक्षा शंभरपट कामाची. आणि फिल्टर लावलात का? नुसतं 'सगळे चार्जर' ठेवलं की एसी म्हणजे हळू चार्ज करणारे पॉइंटसुद्धा दिसतात, ७.४ किलोवॅटच्या पॉइंटवर तुमची ६० युनिटची बॅटरी भरायला आठ तास लागतील, रस्त्यात त्याचा उपयोग शून्य. आपल्या गाडीत बसणारं कनेक्टर आणि ५० किलोवॅटच्या वर एवढंच ठेवा, मग बघा रांगोळीतले किती ठिपके उरतात ते.

दुसरं म्हणजे ठिकाणं मोजू नका, गना मोजा. एकेक मशीन असलेली पाच ठिकाणं आणि सहा गना असलेलं एक ठिकाण यात मी डोळे झाकून दुसरं घेईन. एक मशीन बंद पडलं की ते अख्खं ठिकाण गेलं, सहातल्या दोन गेल्या तरी चार आहेत ना.

तुमच्या प्रवासाचं गणित मांडून दाखवतो. हायवेला १०० किलोमीटरला १८ युनिट धरा. घरून १०० टक्क्यांनी निघालात आणि २३० किलोमीटरवर थांबलात तर ४१ युनिट गेले, १९ उरले, म्हणजे अजून शंभर किलोमीटर गाडीत जीव आहे. तिथे सगळं बंद असलं तरी पुढच्या ठिकाणी निवांत जाऊ शकता. तिथे ८० टक्क्यांपर्यंत भरलीत की उरलेले १९० किलोमीटर होतात आणि मुक्कामी पोचताना १४ युनिट शिल्लक. एकच थांबा, ६० च्या मशीनवर एकटे असाल तर ३५-४० मिनिटं. मागच्या वेळी तुम्ही १८ टक्क्यांवर चार्जर शोधायला लागलात तिथेच फसलात, तेव्हा हातात जेमतेम ६० किलोमीटर असतात आणि त्यातले दहा-पंधरा शोधण्यातच जातात.

सुसाट चालवणार असाल तर मात्र १८ विसरा, २२ धरा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, १०० वरून १२० वर गेलं की रोध जवळजवळ ४४ टक्के जास्त, आणि हे पेट्रोलमध्ये जाणवत नाही पण इथे स्क्रीनवर रेंज उतरताना डोळ्यांनी दिसतं.

डिझेलवाला_अजून

म्हणूनच अजून डिझेल. पाच मिनिटांत टाकी फुल्ल, पंप बंद असला तर पुढचा पंप. एवढी गणितं मी दहावीतसुद्धा केली नव्हती :)

सॉकेट_शोधक

@डिझेलवाला_अजून रोज सकाळी उठल्यावर टाकी आपोआप भरलेली असते का तुमची? नाही ना. मग वर्षातले चार दिवस गणित करू की आम्ही.

अँपिअर_आजोबा

नवखाराव, गाडी ओकेच आहे. २८ ची तीन कारणं असू शकतात आणि तुमच्या वर्णनावरून मला पहिलंच वाटतंय. त्या ६० च्या कपाटात पॉवर मॉड्यूल असतात, छोटे छोटे, समजा ३० चे दोन. एकच गाडी असेल तर दोन्ही तिच्या दिमतीला, दुसरी आली की वाटणी. म्हणजे तुम्हाला ३०, त्यातून थोडं इकडेतिकडे होऊन २८. मशीनवर लिहिलेला आकडा हा कपाटाचा असतो, गनेचा नव्हे, हे कुठेही ठळक लिहिलेलं नसतं आणि नवीन माणूस दर वेळी फसतो. शेजारची गाडी ९० टक्क्यांच्या पुढे गेलेली असेल तर तिला स्वतःलाच पाच-दहा किलोवॅट पुरतात, चांगलं मशीन असेल तर उरलेलं तुमच्याकडे वळवतं, साधं असेल तर अर्धं म्हणजे अर्धं, ते तसंच पडून राहतं.

दुसरं कारण करंट. मशीन व्होल्ट देत नाही हो, व्होल्ट तुमच्या बॅटरीचे, मशीन त्यात करंट ढकलतं. केबलला १२५ अँपिअरची मर्यादा असेल आणि तुमची बॅटरी त्या वेळी ३५० व्होल्टवर असेल तर गुणाकार करून बघा, ४४ च्या आत. मशीनवर ६० असो नाहीतर १२० असो. ८०० व्होल्टवाल्या गाड्या फास्ट का भरतात तर हेच, करंट तेवढाच पण व्होल्ट दुप्पट.

तिसरं, बॅटरी गार असेल तर गाडीच मागणी कमी करते. लिथियमच्या सेलला थंडीत जोरात करंट दिला तर लिथियम आत मुरण्याऐवजी पृष्ठभागावर साचतं, ते कायमचं नुकसान, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर हात आखडता घेतो. काही गाड्यांमध्ये नेव्हिगेशनला चार्जरचा पत्ता टाकला की वाटेतच बॅटरी गरम करायला घेतात, तुमच्या गाडीत आहे का बघा, असेल तर चार्जरचं नाव तोंडपाठ असलं तरी नेव्हिगेशनला टाकाच. आणि किती घ्यायचं हे शेवटी गाडी ठरवते, मशीन नाही. १०० हा आकडा तुमच्या गाडीला १५ ते ४० टक्क्यांच्या दरम्यान कधीतरी थोडा वेळ दिसेल, ८० नंतर तर धार एकदम बारीक होते.

जाता जाता, जपान्यांनी २०१० मध्ये त्यांच्या फास्ट चार्जिंगचं नाव चाडेमो ठेवलं त्यात "तोवर चहा घेता का" अशी कोटी आहे. ५० किलोवॅटच्या जमान्यातली कोटी, त्या वेगाला अख्खी किटली संपली असती.

रात्रपाळी

मी चार्जर दुरुस्तीच्या कामात आहे, कंपनीचं नाव घेत नाही. दुसऱ्या बाजूचं थोडं सांगतो.

मशीन बंद म्हटलं की लोकांना वाटतं आतलं मोठं काहीतरी जळलं. तसंही होतं, पण आमच्या निम्म्याहून जास्त फेऱ्या फालतू गोष्टींसाठी असतात. सिमकार्डची रेंज गेली, पेमेंटचा सर्व्हर उत्तर देत नाही, गनेची लॉकची पिन वाकली, कोणीतरी केबलवरून चाक घातलं, पंख्याची जाळी धुळीने भरून मशीन तापून बंद. कधी गाडी आणि मशीन यांचं आपसातलं बोलणंच फिसकटतं, गन लावल्यावर पॉवर सुरू व्हायच्या आधी दोघांची बरीच देवाणघेवाण चालते, त्यात एका बाजूचं सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि दुसऱ्याचं नाही की संपलं. अशा वेळी गन काढून, गाडी लॉक करून, मिनिटभर थांबून परत लावा, बऱ्याचदा चालतं. गन लावताना केबलचं वजन हाताने उचलून धरा, ती लोंबकळत असली की पिना नीट बसत नाहीत.

ॲपमध्ये हिरवं का दिसतं ते सांगतो. मशीन सर्व्हरला ठरावीक वेळाने "मी आहे" असा निरोप पाठवत असतं. तो येतोय तोवर हिरवं. आता स्क्रीन मेली असेल, लॉक अडकलं असेल, तरी निरोप जातोच की. २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात संशोधकांनी प्रत्यक्ष जाऊन ६५७ गना तपासल्या होत्या, त्यातल्या ७२.५ टक्केच चालू निघाल्या. आणि जवळपास ५ टक्के गनांची केबल इतकी आखूड की गाडीपर्यंत पोचेचना! हे सगळं बसवणाऱ्याच्या वहीत 'चालू' असणार.

आता सरकारं आकडे ठरवतायत. अमेरिकेत सरकारी पैशातून उभारलेल्या चार्जरना ९७ टक्के वेळ चालू राहण्याची अट आहे, ब्रिटनमध्ये ५० किलोवॅट आणि वरच्यांना नेटवर्कची सरासरी ९९. ऐकायला भारी वाटतं, पण ९७ म्हणजे वर्षात ११ दिवस बंद असलं तरी पास. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये नियम केला की मुख्य महामार्गांवर २०२५ अखेरपर्यंत दर ६० किलोमीटरला किमान ४०० किलोवॅटचं ठिकाण हवं, त्यात एक तरी गन १५० ची. मला यातली अंतराची अट जास्त आवडते. माणसाला देशात एकूण किती चार्जर आहेत याच्याशी काय करायचंय, पुढच्या ६० किलोमीटरमध्ये एक आहे का एवढंच त्याला हवं असतं.

आणि एकेकच मशीन का लावतात असं कोणी विचारायच्या आधीच सांगतो. मशीन आणणं सोपं, वीज आणणं अवघड. १५० ची चार मशीन म्हणजे ६०० किलोवॅट, त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, परवानगीपासून केबल टाकेपर्यंत महिनोन्महिने जातात. वर बऱ्याच ठिकाणी वीजबिलात नुसत्या युनिटचे पैसे नसतात, महिन्यातली सगळ्यात मोठी मागणी किती होती त्याचाही आकार असतो. महिन्यातून एकदाच चार गाड्या एकदम लागल्या तरी तो आकडा बसला डोक्यावर. गाड्या कमी म्हणून मशीन कमी, मशीन कमी म्हणून लोक गाडी घ्यायला कचरतात.

चाकावर_चाललेली

८० टक्क्यांना गाडी काढा असं सगळे सांगतात आणि मागे रांग असेल तर ते बरोबरच आहे, १० ते ८० ला जेवढा वेळ जातो जवळजवळ तेवढाच कधीकधी शेवटच्या २० ला जातो. पण पुढचं ठिकाण १५० किलोमीटरवर आणि मध्ये चढ असेल तर मी ९५ पर्यंत भरते, कोणी कितीही डोळे वटारले तरी. दोन टनांची गाडी हजार मीटर वर न्यायची म्हणजे नुसतं उचलायलाच साडेपाच युनिट लागतात, रस्ता कापायचे वेगळे. उतरताना त्यातले काही परत मिळतात, पण आधी वर तर पोचायला हवं. नवखादादा, चढ असेल तर सॉकेट_शोधक यांच्या गणितात तेवढे मिळवा.

आणि चार्जर चालवणाऱ्यांची दोन-तीन वेगवेगळी ॲपं घरीच डाउनलोड करून, खातं उघडून, थोडे पैसे टाकून ठेवा. अंधारात, फोनला रेंज नसताना ओटीपीची वाट बघत उभं राहणं म्हणजे काय ते मी भोगलंय. युरोपात त्याच नियमात नवीन फास्ट चार्जरवर साध्या बँक कार्डाने पैसे घेणं सक्तीचं केलंय, तेवढं एक सगळ्या जगाने उचलावं.

नवखा_चालक

सगळ्यांचे आभार, काल जाऊन आलो म्हणून धागा वर काढतोय. २२५ किलोमीटरवर सहा गनांचं ठिकाण निवडलं होतं, आदल्या दिवसाची कमेंट वाचून. ३० टक्क्यांवर पोचलो. पहिली गन मेलेली, पण या वेळी घाम फुटला नाही. दुसऱ्या मशीनवर एकटाच होतो, सुरुवातीला ५७ किलोवॅट मिळाले, ३४ मिनिटांत ८० टक्के. बाबांनी "झालं का रे" विचारायच्या आधीच झालं होतं, त्यांना ते जरा खटकलंच.

येताना मात्र रात्रपाळी म्हणाले तेच. केबल आखूड. माझं सॉकेट मागे उजव्या बाजूला, मशीन डाव्या बाजूला, नाक घालून लावली तर पोचत नाही, शेपटी घालून लावली तर पोचते पण गाडी रस्त्यात अर्धी बाहेर. शेवटी शेजारच्या जागेत तिरकी लावली आणि दोन जागा अडवल्या म्हणून एका काकांच्या शिव्या खाल्ल्या. ॲपमध्ये केबलची लांबी कुठे दिसते का हो?

सॉकेट_शोधक

नाही दिसत. फोटो बघायचे, त्यात इतर गाड्या कशा उभ्या आहेत ते बघायचं. सगळ्याच तिरक्या उभ्या दिसल्या की समजायचं. तुम्ही टाकलात का फोटो?

नवखा_चालक

टाकतो आत्ताच. काकांची गाडी पण आलीये त्यात, नंबर झाकून टाकतो.