नाशिकमध्ये 480 चौरस फुटांचा भाड्याचा गाळा: बेकरी-कॅफेच्या खर्चात काय सुटतंय?

पावमस्का

नमस्कार. गंगापूर रोडला तळमजल्यावर 480 चौरस फूट कार्पेटचा गाळा बघून ठेवला आहे. वर चार मजले रहिवासी आहेत. आत नुसतं प्लास्टर आणि कोबा, पुढे शटर, मागच्या भिंतीला संडास आणि एक नळजोड. मीटर सिंगल फेज. पुढच्या 360 फुटांत काउंटर आणि बसायची जागा करायची, मागच्या 10 बाय 12 मध्ये भटारखाना.

भाडं 48,000, डिपॉझिट 3 लाख, करार 5 वर्षांचा, लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही) 24 महिने, कामासाठी 30 दिवस भाडंमाफी. सह्या अजून झालेल्या नाहीत. कंत्राटदाराचं कोटेशन 9 लाख 60 हजार आहे, मशिनरी 5 लाख. दोन्हीखाली "जीएसटी वेगळा" असं लिहिलंय. डिपॉझिट सोडून हातात 16 लाख आहेत, म्हणजे दीड लाखाच्या आसपास उरावेत असं मी धरते आहे. धरलेलं बरोबर आहे का?

हिशेबनीस

उरत नाहीत, कमी पडतात. कामावर 18 टक्के धरले की 9.60 चे 11,32,800 होतात. मशिनरीवरही 18 धरले तर 5,90,000. बेरीज 17,22,800. यात वाढीव वीजभार, करारनाम्याचा खर्च आणि अडीअडचणीची रक्कम अजून आलेलीच नाही. रेस्टॉरंट म्हणून 5 टक्क्यांच्या दराने बिलं करणार असाल तर त्यात इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही. हा जीएसटी परत येईल असं समजून सोडून देऊ नका, तो सरळ खर्चच आहे.

भाड्याचंही बघा. तुम्ही जीएसटी नोंदणीकृत आणि मालक नोंदणी नसलेले असतील तर 10 ऑक्टोबर 2024 पासून व्यापारी जागेच्या भाड्यावरचे 18 टक्के रिव्हर्स चार्जने भाडेकरूनेच भरायचे आहेत. म्हणजे 48,000 वर 8,640. कंपोझिशनमधल्यांना (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी कर भरायची छोट्या व्यावसायिकांची योजना) 16 जानेवारी 2025 पासून यातून वगळलं आहे. त्यामुळे कुठल्या योजनेत जायचं ते करार करण्याआधी ठरवा.

आता मुख्य मुद्दा. कोटेशनच्या दोन याद्या करा. फरशी, वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग, वायरिंग, सीलिंग, रंग हे जागा सोडताना तिथेच राहतं. काउंटर, टेबलं, एसी, ओव्हन, बोर्ड तुमच्याबरोबर निघतं. भिंतीला राहणारं समजा 7 लाखांचं निघालं. लॉक-इन 24 महिन्यांचं असेल तर महिन्याला 29,167 पडतात, म्हणजे तुमचं खरं भाडं 77,000 च्या पुढे. तेच 7 लाख 60 महिन्यांवर वाटले तर 11,667. म्हणून मालकाशी भाड्यात हजार-दोन हजारांची घासाघीस करण्यापेक्षा, मालकाने 60 महिने जागा खाली करायला सांगायची नाही आणि तुम्हाला मात्र ठरावीक मुदतीनंतर नोटीस देऊन निघता यावं, असं कलम मागा. तुमचा खर्च त्यानेच वाचतो.

करार नोंदवलेलाच हवा. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वार्षिक 10 टक्के व्याज, यावर 0.25 टक्के. तुमच्या आकड्यांत 28.80 लाख अधिक 1.50 लाख, त्यावर 7,575 रुपये. नोंदणी फी शहरात 1,000. दरवर्षी भाडेवाढ असेल तर थोडं जास्त.

तीन फेज

सिंगल फेज मीटर वाचून लिहितो आहे, कारण अशा कामात सगळ्यात जास्त दिवस तिथेच जातात. कोटेशनमध्ये "इलेक्ट्रिकल" म्हणजे आतलं वायरिंग. मीटरपर्यंतचा खर्च त्यात नसतो.

प्रत्येक मशीनच्या पाटीवरचा आकडा लिहून काढा. उदाहरणादाखल: डेक ओव्हन 9.6 किलोवॅट, दोन ग्रुपचं कॉफी मशीन 3.7, दीड टनाचे दोन एसी मिळून 3.4, प्लॅनेटरी मिक्सर 1.1, फ्रीझर आणि डिस्प्ले 1.3, दिवे-पंखे 1.5. एकूण 20.6. सगळं एकाच क्षणी चालत नाही, त्यामुळे 18 किलोवॅट मागणं पुरेसं आहे. 20 च्या वर गेलात की महावितरणच्या व्यापारी वीजदराचा गट बदलतो आणि स्थिर आकार केव्हीए मागणीवर (एका वेळी जास्तीत जास्त ओढलेल्या भारावर) लागायला लागतो. उगाच 25 मागू नका.

हा ओव्हन सिंगल फेजवर 42 अँपिअर ओढेल, थ्री फेजवर दर फेजला साडेतेरा. म्हणजे थ्री फेज लागणारच. अर्जाला मालकाचं संमतीपत्र लागतं, ते सहीच्या दिवशीच हातात घ्या. केबल नवी ओढायची असेल आणि रस्ता खोदावा लागत असेल तर पावसाळ्यात महापालिका खोदाईला परवानगी देत नाही, हे धरून तारखा लावा. भाडं ताब्याच्या तारखेपासून न धरता थ्री फेज मीटर बसल्यापासून सुरू होईल असं करारात घाला. मालक सहसा आधी नाही म्हणतात. निदान 60 दिवसांची मर्यादा घालून मान्य करून घ्या.

वायरिंगमध्ये दोन गोष्टी सोडू नका. 3.7 किलोवॅटच्या कॉफी मशीनला नेहमीचा 16 अँपिअरचा प्लग देऊ नका. भार 16.1 अँपिअर आहे, म्हणजे सॉकेट दिवसभर काठावर चालतं, पिना तापतात, प्लास्टिक आधी पिवळं आणि मग तपकिरी होतं. 4 चौरस मिमी वायर आणि 32 अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट द्या, एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) 25 चा. दुसरं, फ्रीझरला स्वतंत्र आरसीबीओ (वीजगळती आणि जादा भार, दोन्हीवर पडणारा स्विच). सगळ्या दुकानाला मिळून एकच आरसीसीबी (नुसत्या गळतीवर पडणारा स्विच) असेल तर रात्री बाहेरच्या बोर्डात पाणी शिरलं तरी तो पडतो, आणि सकाळी लोणी आणि क्रीम गेलेलं असतं.

पॉइंटच्या दरात स्विचबोर्डापासूनचीच वायर आहे की डीबीपासूनची (मुख्य वितरण पेटीपासूनची), तेही विचारा. तिथे बिल बरंच फिरतं.

गवंडीकाम

भटारखान्याचं सिंक कुठे ठरलंय? आउटलेट मागच्या भिंतीला आहे आणि गाळ्याला सन्क (पाइप टाकायला खाली घेतलेला स्लॅब) नाही, म्हणून विचारतो. सिंक 12 फूट पुढे घेतलं आणि 75 मिमीचा पाइप 1:40 उताराने नेला तर 144 इंचांत 3.6 इंच उतार जातो. त्यात पाइपाचे 3 इंच आणि वर मसाला-फरशीचे 2 इंच धरा. म्हणजे अख्खा भटारखाना साडेआठ इंच उचलावा लागेल. 120 फुटांला 0.7 फूट भराव म्हणजे 84 घनफूट, साधारण पाऊण ते एक ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट), शिवाय दारात पायरी. गरम ट्रे घेऊन जाणारा माणूस रोज ती पायरी उतरणार. सिंक मागच्या भिंतीलाच ठेवा, हे सगळं वाचतं.

ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल-लोणी अडवणारी पेटी) सिंकखाली हवाच. बेकरीत भांड्यांबरोबर लोणी जातं, ते थंड झालं की सोसायटीच्या चेंबरमध्ये थिजतं आणि तक्रार तुमच्या नावावर येते. वॉटरप्रूफिंग भिंतीवर निदान एक फूट चढवून घ्या आणि फरशीआधी 48 तास पाणी साठवून बघा.

एक्झॉस्टचं कोटेशनमध्ये काही दिसत नाही. इलेक्ट्रिक ओव्हन असला तरी वाफ आणि वास असतोच, आणि वर चार मजले घरं आहेत. डक्ट (वाफ बाहेर नेणारा नळ) गच्चीच्या वर न्यायचा तर साधारण 50 रनिंग फूट लागेल. तो कुठल्या भिंतीवरून जाणार याची सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. ती मिळत नसेल तर हा गाळा बेकरीसाठी घेऊच नका, इतकं स्पष्ट सांगतो.

पावमस्का

सगळ्यांचे मनापासून आभार. सिंक मागेच घेते. डक्टबद्दल उद्या सोसायटीच्या सचिवांना भेटते. कोटेशनमध्ये काउंटर "9 फूट, 57 चौरस फूट" असं आहे, हे 57 कुठून आले? आणि फरशीची 30 बॉक्स लिहिली आहेत.

गवंडीकाम

काउंटर 9 फूट लांब, 3 उंच, 2 खोल असणार. नुसता दर्शनी भाग 27 चौरस फूट. वरचा पृष्ठभाग 18 आणि दोन बाजू 6-6 मिळवल्या की 57. मोजायच्या दोन्ही पद्धती चालतात, पण दर्शनी मापाचा दर लावून सगळे पृष्ठभाग मोजले तर तुम्ही दुपटीहून जास्त देता. दर कुठल्या मापाचा ते लिहून घ्या. त्याच ओळीत प्लायही लिहून घ्या: सिंक आणि काउंटरखाली आयएस 710 चा (पाण्याला टिकणारा मरीन प्लाय) 19 मिमी, बाकी ठिकाणी आयएस 303 (साधा प्लाय) चालेल. "कमर्शियल प्लाय" एवढंच लिहिलेलं मान्य करू नका.

फरशी: 360 चौरस फूट अधिक 10 टक्के तूट म्हणजे 396. दोन बाय दोनच्या चार फरश्यांच्या बॉक्समध्ये 16 फूट, म्हणून 25 बॉक्स. एक जास्तीचा ठेवा, एकाच बॅच आणि शेड नंबरचा, नंतर तो मिळत नाही. 30 मध्ये भटारखान्याची फरशी धरली असेल तर ती कमी पडतील, आणि तिथे तशीही खरखरीत फरशी लागते, चकचकीत नको. ती वेगळ्या ओळीत मागा.

हिशेबनीस

पैसे टप्प्यांनी द्या. सुरुवातीला 10 टक्के, पुढचे मोजमाप झालेल्या कामावर, शेवटचे 5 टक्के सहा महिन्यांनी. सीलिंग बंद करण्याआधी एसीचे तांब्याचे पाइप आणि ड्रेनची चाचणी झाली पाहिजे, तोपर्यंत सीलिंगचा हप्ता सोडू नका. आणि ताबा घेताना कोबा, प्लास्टर, नळजोड, मीटरचं रीडिंग यांचे तारखेसह फोटो काढून करारनाम्याला जोडा. "जागा होती तशी परत" हे कलम असतंच, आणि जागा कशी होती याचा कागद नसेल तर डिपॉझिटमधून कापलेल्या पैशांवर बोलायला काही उरत नाही.