मदत हवी आहे: बाळाची ओएई ही श्रवणचाचणी पास, पण बेरा या दुसऱ्या श्रवणचाचणीत 'नो रिस्पॉन्स'. कशावर विश्वास ठेवायचा?

रानजाई:
बाळ अडीच महिन्यांचं आहे. जन्म ३३व्या आठवड्यात, ११ दिवस एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग). कावीळ वाढल्याने रक्त बदलावं लागलं, ॲमिकासिन हे अँटिबायोटिकही ७ दिवस चालू होतं. घरी सोडताना ओएई दोन्ही कानांत 'पास'. आता बेरामध्ये ९० डेसिबलला दोन्हीकडे पाचवी लहर (आवाज मेंदूच्या देठापर्यंत पोचल्याची खूण) नाही. थाळी वाजवली की दचकतं. कानाचं मशीन लगेच लावायचं का? बेरा पुन्हा करायची तर तयारी काय करावी?

श्रवणवेध:
दोन्ही रिपोर्ट एकाच वेळी खरे असू शकतात. ओएई फक्त कॉक्लियातल्या (आतल्या कानातल्या शंखातल्या) बाहेरच्या केसपेशी तपासते. बेरा त्यापुढची वाट तपासते, म्हणजे नस आणि मेंदूचा देठ. काविळीत वाढणारं बिलिरुबिन मारा करतं ते याच पुढच्या वाटेवर. म्हणून ५ दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळाला नुसती ओएई पुरत नाही, ऑटोमेटेड एबीआर (बेराचाच आपोआप निकाल देणारा प्रकार) करावीच लागते. तुमच्या वर्णनावरून ऑडिटरी न्यूरोपॅथीची (कान आवाज पकडतो, पण तो नसेतून नीट पुढे जात नाही) शंका पहिली येते.

थाळीवर जाऊ नका. बाळाला हवेचा झोत आणि कंप जाणवतो. शिवाय न्यूरोपॅथीत मोठा आवाज पोचतोही, बोलणं मात्र विस्कटून पोचतं.

आता रिपोर्टचा कागद काढा. क्लिकची, म्हणजे तपासणीतल्या टकटक आवाजाची, पोलॅरिटी (दाबाची दिशा) काय लिहिली आहे? रेअरफॅक्शन आणि कंडेन्सेशन या दोन उलट पोलॅरिटी वेगवेगळ्या घेतल्या असतील, तर आलेखाच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या एक-दोन मिलिसेकंदांत, बारीक लाटा शोधा. पोलॅरिटी बदलल्यावर त्या उलट्या होत असतील तर तो कॉक्लियर मायक्रोफोनिक, म्हणजे कॉक्लिया काम करतेय. फक्त 'अल्टरनेटिंग' (दोन्ही आलटूनपालटून) वापरली असेल तर या लाटा एकमेकींना खोडतात आणि कागद सपाट दिसतो. मग न्यूरोपॅथीचं बाळही पूर्ण बहिरं ठरतं.

मंजुघोष:
तयारीचं सांगते, कारण बऱ्याच तपासण्या इथेच फसतात. आदल्या रात्रीपासून टाळूला, कपाळाला, कानामागे तेल लावू नका. सकाळी साबणाने अंघोळ घाला, तीट-पावडर नको. इलेक्ट्रोड नेमके कपाळावर आणि कानामागे चिकटतात. तेलकट कातडीवर इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) ५ किलोओहमच्या खाली येत नाही आणि लहर गोंगाटात बुडते.

बाळाला पहाटे उठवा, रिक्षात झोपू देऊ नका. इलेक्ट्रोड लावून झाल्यावरच पाजा, म्हणजे तास-दीड तासाची गाढ झोप मिळते. झोपेचं औषध डॉक्टरांनी दिलं तरच, तेही रुग्णालयातच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते औषध घरून पाजून आणणं धोक्याचं. डिस्चार्ज कार्ड, बिलिरुबिनचे आकडे आणि औषधांचे डोस सोबत ठेवा.

त्याच दिवशी १००० हर्ट्झची टिम्पॅनोमेट्री (कानाच्या पडद्याची हालचाल मोजणारी तपासणी) मागा. मोठ्यांसाठीची २२६ हर्ट्झची इतक्या लहान कानात फसवी ठरते. पडद्यामागे पाणी असेल तर ओएई येत नाही.

श्रवणवेध:
मशीनबद्दल: न्यूरोपॅथीत बेरावरून बाळाला किती ऐकू येतं ते ठरत नाही, त्यामुळे त्या आकड्यावर मशीन बसवू नये. तुमच्या बाळाचं करेक्टेड वय (मूळ अपेक्षित तारखेपासून मोजलेलं) जेमतेम महिनाभर आहे. नस अजून पिकतेय, काही बाळांची बेरा पुढे सुधारते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा करायची. करेक्टेड सहा महिन्यांच्या सुमारास व्हीआरए ही तपासणी होते: आवाज आला की बाळ वळतं आणि खेळण्याचा दिवा लागतो. त्यावरून मशीन लावून पाहायचं. उपयोग झाला नाही तर एमआरआयमध्ये नस पाहून कॉक्लियर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने बसवायचं, थेट नसेला संकेत देणारं यंत्र) विचार. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून ते मिळू शकतं, चौकशी बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत करा. जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी (बाळांमधले दोष लवकर ओळखणारं) केंद्रही पुढे पाठवतं.

मात्र ऐकण्या-बोलण्याच्या थेरपीसाठी थांबू नका, सहा महिन्यांच्या आत सुरू झालीच पाहिजे. चेहरा जवळ नेऊन बोला, हातवारे करा. ॲमिकासिनचा परिणाम उशिराही दिसतो, म्हणून ओएईसुद्धा पुन्हा करा.

रानजाई:
रिपोर्टवर फक्त 'अल्टरनेटिंग' लिहिलं आहे. ओएईचा आलेख जोडलेलाच नाही.

श्रवणवेध:
मग निदान अजून झालेलंच नाही. चिठ्ठीवर असं लिहून घ्या: 'इन्सर्ट इअरफोन, दोन्ही पोलॅरिटी वेगळ्या, ट्यूब चिमटून एक रेकॉर्डिंग.' ट्यूब, म्हणजे इअरफोनचा आवाज कानात नेणारी नळी, दाबल्यावरही लाटा दिसल्या तर त्या यंत्राच्या. नाहीशा झाल्या तर बाळाच्या कानातल्या.