आत्याच्या डब्यातलं गावरान बी, आता लावू का जूनपर्यंत थांबू?

गच्ची_कळंबा

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात कळंब्याला राहतो, गच्चीवर दिवसभर ऊन असतं, दहा-बारा मोठे ड्रम आणि ग्रो बॅग आहेत. मागच्या महिन्यात गावाकडचं घर आवरताना आत्याचा बियांचा पत्र्याचा डबा सापडला. आत लुगड्याच्या चिंध्यांच्या गाठी, गाठीत राखेत घोळलेलं बी, आणि एकावरबी नाव नाही. आत्या जाऊन दोन वर्षं झाली म्हणजे बी किमान तीन वर्षांचं धरा.

भेंडी ओळखता आली. बाकीचं असं: एका गाठीत काळं चपटं खडबडीत बी, दुसऱ्यात तांबूस टपोरा दाणा आणि त्याच्या कडेला पांढरी मिशी, तिसऱ्यात मळकट लांबट बी ज्याला टोकाला दोन कान आहेत, चौथ्यात बारीक पिवळट चकत्या.

फेब्रुवारी लागला, उन्हाळी भाजी धरायची म्हणतोय. पण भीती वाटते कारण डिसेंबरात पाकिटातली वांगी ट्रेमध्ये टाकलेली, किचनच्या कोपऱ्यात ठेवून सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचो, झकास उगवली आणि एका रात्रीत सगळी आडवी, बुडाशी दोऱ्यासारखी बारीक झालेली. ते पाकीट परत मिळतंय, हे मिळणार नाही.

बावड्याची_काकू

बाळा, आधी सगळं बी मातीत टाकू नकोस. प्रत्येकातले दहा दाणे मोज, ओल्या फडक्यात गुंडाळ, डब्यात घालून उबेला ठेव. आठ दिवसांत किती मोड येतात बघ, मिरचीला पंधरा दिवस दे. दहातले सात आले तर बी चांगलं, तीन आले तर तिप्पट टाकायचं एवढंच. राखेनं कीड लागत नाही पण आपल्याकडं चार महिने जी ओल असते तिनं बी मरतं, त्यातल्या त्यात कांद्याचं बी वर्षभरातच जातं, वेलाचं चार-पाच वर्षं टिकतं.

खडबडीत काळं म्हणजे दोडका. घोसाळ्याचं बी गुळगुळीत असतं आणि कडेला बारीक काठ असतो, हात फिरवून बघ. कानवालं दुधी. चकत्या दाताखाली धर, झोंबली तर मिरची. (हे घरच्या बियांचंच हं! पाकिटातलं गुलाबी-निळं बी तोंडात घालायचं नाही, त्याला औषध चोळलेलं असतं.)

मिशीवाला दाणा पावटा आहे आणि तो आत्ता लावायचा नाही. त्याला दिवस लहान व्हायला लागले की फूल येतं. मी एकदा हौसेनं मार्चला लावला, वेल शेजारणीच्या डिश अँटेनापर्यंत गेला आणि शेंग एक नाही, नुसता पाला. जून-जुलैला टाक, थंडीत शेंगा खा.

पाचटवाला

तुझी रोपं पाण्यानं आणि अंधारानं गेली भावा, बी चांगलंच असणार. वरची माती सुकल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, आणि मोड वर दिसला की त्याच दिवशी उन्हात. जुन्या ट्रेमधली माती परत वापरू नको. कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत अर्धं-अर्धं घे, बी स्वतःच्या जाडीच्या दुप्पट खोल, बास. मिरचीला ऊब लागते, आत्ता रात्री गार असतात म्हणून ट्रे रात्री घरात घ्यायचा.

भेंडी रात्रभर भिजवून थेट ड्रममध्येच टाक. दोडका-दुधी कागदी कपात केलंस तर चालेल पण दोन खरी पानं आली की कपासकट लाव, वेलाच्या मुळांना धक्का सोसत नाही.

आणि आत्ता उसाचा गळीत हंगाम चालू आहे, कुठल्याही फडावरनं पोतंभर पाचट (उसाचा वाळका पाला) आण. ड्रममध्ये तीन-चार बोटं जाड अंथर, खोडापासनं थोडं लांब. एप्रिलमध्ये गच्चीचा स्लॅब तापतो तेव्हा कळेल. साखर कारखान्याची मळी (रस गाळून उरलेला गाळ) कुणी फुकट देत असेल तर जुनी कुजलेलीच घे, ताजी आतनं गरम असते, मी घातली होती आणि सगळी वांगी भाजली.

नाद_हायब्रीड

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गच्चीवर जागा एवढीशी, तिथं गावरान कशाला? हायब्रीड लावा, दुप्पट माल निघतो. गावरान भेंडीवर मागच्या उन्हाळ्यात केवडा रोग आला, पानं पिवळी जर्द, सगळी उपटून टाकली.

गडहिंग्लज_मास्तर

@नाद_हायब्रीड माल जास्त निघतो हे मान्य. पण त्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी सारखं येत नाही, एक झाड उंच, एक बुटकं, फळं तिसरीच. इथं प्रश्न आत्याचं बी चालू ठेवायचा आहे. केवडा पांढऱ्या माशीनं पसरतो, पहिलं पिवळं पान दिसलं की ते झाड काढायचं, बाकीची वाचू शकतात.

@गच्ची_कळंबा तुम्ही हिशेब मृगापासनं उलटा मांडा. नुसती भाजी खायची असती तर मार्चला लावलं तरी चाललं असतं. बी धरायचं तर फळ वेलावरच वाळलं पाहिजे, आणि ७ जूनच्या आसपास पाऊस कधीही लागू शकतो, त्याआधी वळीव आहेच. दोडक्याला फुलायला दीड महिना, फळ वाळायला पुढं आणखी दोन महिने. म्हणजे १५ फेब्रुवारीच्या आत बी मातीत हवं. आणि बियांसाठी पहिली चांगली दोन फळं राखायची. आपण काय करतो, सगळं खाऊन शेवटचं वाकडं फळ बियाला ठेवतो. त्याला चिंधी बांधा म्हणजे घरात कुणी भाजीला तोडणार नाही. 😀 हलवल्यावर आत खुळखुळलं की काढायचं.

दोडका आणि दुधी एकमेकांत मिसळत नाहीत, शेजारी लावले तरी चालतंय. पण शेजारच्या गच्चीवर घोसाळं असेल तर दोडक्यात मिसळू शकतं. म्हणून पराग हातानं लावायचा. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. दुपारी उद्या-परवाची नव्हे, त्याच दिवशीची टपोरी कळी हेरायची, मागं बारकं फळ असेल ती मादी, नुसता देठ असेल तो नर. दोन्हीला दोरा बांधायचा, संध्याकाळी सोडून नराचा पराग मादीला लावायचा आणि परत बांधायचं. मिरचीच्या दोन फांद्यांवर जुन्या साडीची जाळीदार पिशवी घाला, शेजारी ढोबळी असेल तर नक्कीच.

दुधी कोवळा असताना टोकाची चकती चाखा. कडू लागला तर अख्खं फळ फेकून द्यायचं, शिजवूनसुद्धा खायचं नाही, त्यानं माणसं दवाखान्यात जातात. त्या वेलाचं बीसुद्धा धरू नका.

आणि गाठींवर आजच नावं लिहा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या राहीबाई पोपेरेंना २०२० ची पद्मश्री मिळाली ती असलंच घराघरातलं बी सांभाळून, वाटून. आपल्याकडं आत्या गेली की बी जातं.

गच्ची_कळंबा

सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. फडक्यातला निकाल: दोडका दहात सहा (टोकं नेलकटरनं जराशी तोडून भिजवली होती), दुधी आठ, भेंडी पाच. पावटा दोनच दाणे टाकून बघितले, दोन्ही आले, बाकी जूनपर्यंत बरणीत. चकती झोंबली, मिरचीच आहे, पण चौदाव्या दिवशी दहात एकच मोड. गाठीत साधारण साठ बिया उरल्यात. सगळ्या टाकू का निम्म्या ठेवू?

बावड्याची_काकू

मिरची सगळी टाक. पुढच्या वर्षी तेवढीबी यायची नाही. पाच-सहा रोपं हातात आली तरी पुरे.

दोडक्याच्या चार बिया मला दे की. बावड्याला आलास तर माझ्याकडचं पोकळ्याचं बी ने मूठभर, सासूबाईंच्या वेळेपासनंचं आहे.

गच्ची_कळंबा

रविवारी येतो काकू. चिंधीत बांधूनच आणतो, नाव लिहून.