मिस्टरांची अभिवचन रजा अडलीय – परिविक्षा अधिकाऱ्यांशी कसं बोलावं?

सावली०७

नमस्कार. माझे मिस्टर शिक्षाबंदी, म्हणजे शिक्षा झालेले कैदी आहेत. माझं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलंय. मुलं लहान, सासूबाईंना डोळ्यांनी नीट दिसत नाही. म्हणून त्यांनी आतून पॅरोलचा, म्हणजे अभिवचन रजेचा अर्ज केलाय. मी जेलमध्ये त्यांच्या मुलाखतीला गेले तेव्हा कळलं की चौकशीला पोलीस येतील आणि परिविक्षा अधिकारीही (प्रोबेशन ऑफिसर, घरची परिस्थिती पाहून अहवाल देणारे). पोलीस आले, जबाब घेतला, सही घेतली, गेले. घोडं अडलंय ते परिविक्षा अधिकाऱ्यांपाशी. ते आले तेव्हा मी कामावर होते. शेजारच्या काकूंना काहीबाही विचारून निघून गेले. मी त्यांच्या ऑफिसात गेले तर "बघतो", फोन केला तर उचलत नाहीत. एक जण म्हणाला, 'घर बंद आढळले' एवढं लिहून कागद पुढे जाईल आणि रजा नामंजूर. घरमालकाचीही कुरकुर चालू आहे. रोज जाऊन बसू का? आणि भेटले तर यांना केसमध्ये कसं गोवलं ते सांगू का? डोकं चालेनासं झालंय.

रेवाक्का

सावली, रोज जाऊन बसू नकोस. त्यांच्या टेबलावर तुझ्या आधीच्या दहा फायली असतात. तू समोर बसलीस म्हणून तुझी वर येत नाही, उलट चिडचिड होते. त्यापेक्षा आज रात्री एक साधा अर्ज लिही. 'आपण अमुक तारखेला गृहभेटीस आलात, मी कामावर होते, माझ्या कामाच्या वेळा अशा अशा, या वेळेत मी घरी असते, कृपया पुन्हा भेट द्यावी किंवा मला कार्यालयात बोलवावं.' खाली नाव, पत्ता, मोबाइल नंबर, बंद्याचं नाव आणि त्याचा बंदी क्रमांक. दोन प्रती काढ. एक आवक-जावकला दे, दुसरीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. तिथला माणूस म्हणेल, "ठेवून जा, देतो साहेबांना." नाही ठेवायची. पोच म्हणजे पोच. ती हातात असली की 'घर बंद आढळले' हा शेरा एकटा पुढे जात नाही, आणि गेलाच तर तुझ्याकडे उत्तर आहे. त्या पोच-प्रतीची झेरॉक्स मुलाखतीला जाशील तेव्हा कारागृह अधीक्षकांच्या नावाने अर्जासोबत दे.

आता बोलण्याचं. गोवलं की नाही गोवलं, तो विषय अपिलाचा. या अधिकाऱ्याच्या हातात ते नाही, आणि तू तो सूर लावलास की 'कुटुंबाला गुन्ह्याची जाणीव नाही' असं वाक्य अहवालात जायला वेळ लागत नाही. त्याला हव्या असतात चारदोन गोष्टी: माणूस राहणार कुठे, घरात कोण कोण, खर्च कोण चालवणार, फिर्यादीच्या घरचे जवळ राहतात का, आणि वेळेवर परत जाईल याची हमी कोण घेतोय. एवढ्याची उत्तरं कागदासकट तयार ठेव. ऑपरेशनची तारीख आणि 'नंतर विश्रांती आवश्यक, सोबत माणूस हवा' हे डॉक्टरांकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दिसेल असं लिहून घे. नुसती केसपेपरची चिठ्ठी चालवून घेत नाहीत.

लपवू मात्र काही नको. कर्ज असेल, दिराशी बोलणं नसेल, सांगून टाक. काकूंनी ते आधीच सांगितलंय असं धरूनच चाल (शेजारणींना याच दिवशी सगळं आठवतं).

फिर्यादी पक्ष तुझ्याच गल्लीत असेल तर तुझ्या भावाचा किंवा नणंदेचा पत्ता दे आणि त्यांचं संमतीपत्र जोड. पण हे आधीच ठरव. जेलमधल्या अर्जात एक पत्ता आणि साहेबांपुढे दुसरा, असं झालं की पोलिसांचा जबाब पुन्हा पहिल्यापासून.

थेट_बोल

एवढी कागदपत्रं कशाला? तिथल्या शिपायाला गाठा, हजार-दोन हजारात काम होतं. सगळे तसंच करतात.

रेवाक्का

सगळे करत नाहीत. आणि या बाईचा नवरा आत आहे, तिला तू लाच द्यायला सांगतोस? सावली, कुणी मागितलेच तर देऊ नकोस, १०६४ वर फोन कर. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर आहे.

काळा_कोट

रेवाक्कांशी सहमत, थोडी कायद्याची बाजू जोडतो. आपल्याकडे हे सगळं महाराष्ट्राच्या फर्लो व पॅरोल नियमांखाली चालतं, त्यात वेळोवेळी बदल झाले आहेत. पत्नीचं गंभीर आजारपण हे नियमित पॅरोलचं मान्य कारण आहे, त्यामुळे वैद्यकीय कागद हाच तुमच्या अर्जाचा कणा. चौकशी करणारा अधिकारी फक्त अहवाल देतो, मंजुरीची सही दुसऱ्याची असते. तमिळनाडू, केरळात परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल रजेच्या प्रक्रियेचाच भाग आहे. आपल्याकडे पोलिसांच्या अहवालाचं वजन मोठं, तेव्हा तो काय गेलाय याचीही चौकशी करा.

नामंजूर झाल्यास आदेशाची प्रत मागून घ्या आणि त्यात कारण काय लिहिलंय ते पाहा. त्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात फौजदारी रिट याचिका करता येते. त्यासाठी वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि कोठडीतल्या व्यक्ती दोघांनाही मोफत मदत मिळते, तिथे तुमचं उत्पन्न बघत नाहीत. हेल्पलाइन १५१००.

एक लक्षात असू द्या. फर्लो म्हणजे संचित रजा शिक्षेत धरली जाते, पॅरोलचे दिवस धरले जात नाहीत. तेवढे दिवस पुढे भोगावे लागतात. मिस्टरांना हे माहीत असेलच, तरी विचारा.

निनावी_वाचक

माझा भाऊ अजून कच्चा कैदी आहे, केस चालू आहे. आई आयसीयूत आहे. त्यालाही असाच अर्ज करता येईल का?

काळा_कोट

नाही. पॅरोल-फर्लो पक्क्या कैद्यांसाठी. कच्च्या कैद्यासाठी ज्या कोर्टात केस आहे तिथेच अंतरिम जामिनाचा अर्ज करावा लागतो. वकिलांना आजच फोन करा, हॉस्पिटलचा दाखला सोबत द्या.

सावली०७

अर्ज दिला, पोच मिळाली! शिक्का जरा पुसट आहे पण आवक क्रमांक वाचता येतो. साहेबही भेटले, शनिवारी सकाळी येतो म्हणाले. आता घरमालकाचं काय करू? तो म्हणतो, "जेलमधला माणूस माझ्या खोलीत नको."

रेवाक्का

छान झालं. घरमालकाला समजावत बसू नकोस, शनिवारच्या आत भावाला विचार. तो हो म्हणाला तर त्याचं संमतीपत्र, आधारची प्रत आणि लाइटबिल, तिन्ही शनिवारी साहेबांच्या हातात दे. त्याच दिवशी जेलच्या अर्जातला पत्ता बदलण्याची विनंतीही अधीक्षकांकडे जाऊ दे. आणि मिस्टर सुटून आले की पोलीस ठाण्यातली हजेरी चुकवू देऊ नकोस, परतीची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेव. एक दिवस जरी उशीर झाला तरी माफी (शिक्षेत मिळालेली सूट) कापतात, पुढची रजा लटकते. ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली गेली तर साहेबांना लगेच लेखी कळव, जुना दाखला फायलीत राहू देऊ नकोस.