विषय: शिबिराच्या अर्जातील दम्याच्या औषधांचा रकाना

प्रेषक: शिबिर समन्वयक

सर्वांना सप्रेम नमस्कार. गेल्या शिबिरातील प्रकारानंतर अर्जात ‘दम्याचे औषध चालू आहे का?’ असा हो-नाहीचा रकाना घालण्याचे ठरले होते. अर्ज आज रात्री छापायला जात आहे. औषधाने मुले चिडचिडी होतात, म्हणून शिबिरापुरते ते बंद ठेवू, असे दोन पालकांनी कळवले आहे. त्यांना काय उत्तर द्यावे?

प्रेषक: एक सभासद, व्यवसायाने फार्मासिस्ट

ताई, परस्पर औषध बंद करू नये, हे त्यांना आजच कळवा. हो-नाहीने काहीच कळणार नाही, कारण ही औषधे एकसारखी नाहीत. धाप लागल्यावर ओढायच्या पंपातील सालब्युटामोलने हात थरथरतात, छाती धडधडते आणि मूल एका जागी बसत नाही, पण हे काही तासांत ओसरते. अटॅकनंतर थोडे दिवस पोटातून दिलेल्या प्रेड्निसोलोन या स्टिरॉइडने झोप उडते आणि राग नाकावर येतो. रोजच्या पंपातील स्टिरॉइडची भीती मात्र सर्वाधिक, आणि बहुतांशी अनाठायी. उत्तर अमेरिकेत 5 ते 12 वर्षांच्या हजाराहून अधिक मुलांवर झालेल्या, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बुडेसोनाइड हे पंपातील स्टिरॉइड घेणाऱ्यांची उंची सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरली; उदासीची लक्षणे मात्र त्यांच्यात वाढली नाहीत, उलट कमी झाली. विचारायचे असेल तर मॉन्टेलुकास्टबद्दल विचारा. रात्री चघळायच्या या गोळीने काही मुलांना भयंकर स्वप्ने पडतात, काही आक्रमक किंवा उदास होतात, आणि आत्महत्येचे विचार आल्याच्याही नोंदी आहेत. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च 2020 मध्ये तिच्यावर चौकटीतील सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

प्रेषक: आरोग्य समिती

अर्जातील आरोग्याचा मजकूर आजवर आमची समिती ठरवत आली आहे, एवढे नम्रपणे नोंदवतो. आमच्या मुलाला पूर्वी थिओफिलिन हे दम्याचे जुने औषध असे, आणि तो अभ्यासात मागे पडतो तो औषधामुळेच, असे शाळेने ठामपणे सांगितले होते. पुढे 1992 साली दमेकरी मुलांच्या शालेय चाचण्यांची त्यांच्याच भावंडांशी तुलना झाली, तेव्हा औषध घेऊनही ती मागे नसल्याचे दिसले. रात्रभर खोकणारे मूल सकाळी लक्ष देऊ शकत नाही, हे कोणी विचारातच घेत नाही.

प्रेषक: एक पालक

काका, तुमचे म्हणणे मान्य आहे, पण आमची मुलगी खोकल्याविना शांत झोपायची आणि मध्यरात्री किंचाळत उठून दाराची कडी काढू पाहायची. मॉन्टेलुकास्टची गोळी सुरू झाली त्याच आठवड्यातली ही गोष्ट. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी ती थांबवून रोजचा पंप दिला, आणि काही दिवसांत सारे निवळले. हे अर्जात लिहिले तर स्वयंसेवक तिला ‘त्रासदायक मूल’ समजतील, ही धास्ती आम्हाला आहे.

प्रेषक: एक सभासद, व्यवसायाने फार्मासिस्ट

म्हणूनच रकान्यात औषधाचे नाव, घेण्याची वेळ आणि ते कधी सुरू झाले, एवढेच विचारावे. वागणुकीचा शब्दही नको. गोळी नवी असेल, तर त्या मुलाजवळ रात्री झोपणाऱ्या एकाच ताईला ते ठाऊक असावे.

प्रेषक: शिबिर समन्वयक

आरोग्य समितीची हरकत नसेल, तर हाच मजकूर छापते. धाप लागल्यावर घ्यायचा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) कार्यालयाच्या कपाटात नव्हे, मुलाच्याच पिशवीत राहील, हेही त्यात घालते.