चौकी त्यांनीच जाळली म्हणता? मग इंग्रजांचं आरोपपत्र खरं होतं तर!

कसबेकर
परवा १२ जानेवारीला एक पोस्ट घरच्या ग्रुपवर आली. मग ऑफिसच्या, मग सोसायटीच्या. तिन्हीकडे मजकूर तोच: "सोलापूरच्या चार वाघांनी चौकी जाळली, पोलीस मारले आणि हसत हसत फासावर गेले. देशात एकमेव मार्शल लॉ सोलापूरला. गांधींनी त्यांना वाचवलं नाही." खाली चार पुतळ्याचा, म्हणजे सोलापुरातल्या या चौघांच्या पुतळ्यांच्या चौकाचा, फोटो आणि दोन्ही बाजूंना डरकाळी फोडणारे वाघ.

तिसऱ्यांदा आली तेव्हा राहवलं नाही, म्हणून इथे लिहितोय. ८ मे १९३० ला मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, दोन पोलीस मेले, हे खरं. पण ते धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन यांनी केलं, हे कोण म्हणालं? सरकारी वकील म्हणाले, सरकारने उभे केलेले साक्षीदार म्हणाले. त्या निकालाविरुद्ध हायकोर्टात अपील झालं, उपयोग झाला नाही. आमच्याकडचे जुने लोक शेवटपर्यंत एकच सांगायचे: जमाव हजारोंचा होता, सरकारला चळवळीतली माणसं हवी होती. आणि आता आपणच छाती फुगवून सांगतोय, "हो हो, त्यांनीच जाळली." ज्या आरोपाखाली त्यांना लटकवलं त्याच आरोपाला आपण दरवर्षी हार घालतो.

चौथीत असताना शाळेत मी याच विषयावर भाषण ठोकलं होतं. "पोलीस चौकी जाळून भस्म केली" म्हणताना हात वर. टाळ्या पडल्या, कंपासपेटी मिळाली. घरी येऊन आजोबांना परत म्हणून दाखवलं. ते जेवताना काही बोलले नाहीत. झोपताना म्हणाले, "त्या पोरांच्या आयांसमोर हे म्हणाला असतास काय रे?" कंपासपेटी अजून आहे. भाषण परत केलं नाही.

गरम_डोकं
झालं! आता वाघांची शेळी करा. ती पोस्ट मीच फॉरवर्ड केली होती, तेव्हा उत्तरही मीच देतो.

इंग्रजांच्या कोर्टात कबुली कोण देतो? अपील करणं हा वकिलाचा डाव, त्यावरून माणूस निर्दोष ठरत नाही आणि भित्राही ठरत नाही. ८ मेला सुरुवात कुणी केली ते सांगा की. रूपाभवानीच्या देवळाकडची, ताडी-दारूला लागणारी शिंदीची झाडं तोडली म्हणून पोरं पकडली, लोक "सोडा" म्हणायला गेले, तर गोळ्या घातल्या. शंकर शिवदारे तिथंच पडला. त्यानंतर लोकांनी चौकी पेटवली तर मला त्याची लाज वाटत नाही. ९, १० आणि ११ मेला गावात एक पोलीस दिसत नव्हता. ते काय सूत कातून झालं बे?

कसबेकर
लाज वाटू द्या असं मी कुठं म्हणालो? जमावाचा राग मला समजतो. प्रश्न चौघांच्या नावावर तो राग खपवण्याचा आहे. आणि त्या तीन दिवसांत चौकाचौकात उभं राहून वाहतूक सांभाळणारे काँग्रेसचे स्वयंसेवक होते. तुमच्या पोस्टमध्ये त्यांना जागा नाही, कारण शिट्टी वाजवणाऱ्या माणसाशेजारी वाघ शोभत नाही.

वहीखाते
दोघांचं चालू द्या, मी फक्त हिशेब जुळवतो.

एक, "एकमेव मार्शल लॉ" चूक. पंजाबात १९१९ ला होता, मलबारात १९२१ ला. १९३० मध्येच ऑगस्टात पेशावरलाही लावला. सोलापूरचा १२ मे ते ३० जून १९३०.

दोन, "गांधींनी वाचवलं नाही". गांधींना ५ मे १९३० ला पकडलं, त्याच बातमीवर तर सोलापूर पेटलं. तिथून ते थेट येरवड्यात. सुटले २६ जानेवारी १९३१ ला. चौघांना फाशी १२ जानेवारीला, त्याच येरवड्यात. म्हणजे वाचवायला हवं होतं तो माणूस त्याच तुरुंगात कैदी होता. तुम्ही भगतसिंगांच्या वेळचा वाद उचलून इथे चिकटवलाय. तो आयर्विन करारानंतरचा, मार्चमधला.

गरम_डोकं
वहीखाते सर, तुरुंगातून पत्रं लिहिता येत होती ना? व्हाइसरॉयला एक ओळ?
पण ठीक आहे, तारीख माझ्या लक्षात नव्हती. एवढंच मान्य. याहून जास्त नाही.

पूर्वभागी
तुम्ही सगळे चार नावांवर भांडताय. बाकीचे कोण? गोळीबारात मेले त्यातल्या एका शिवदारेचं नाव घेतलं, पुढचं नाव घ्या बघू. नाही येत ना? मलाही येत नाही. मार्शल लॉच्या कोर्टांनी आत टाकले त्यांची नावं? जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, या इथल्या कापड गिरण्या. भोंगा झाला की हजारो माणूस रस्त्यावर यायचा, तीच माणसं ८ मेला रस्त्यावर होती. आमचे पणजोबा तेलंगणातून मागावर बसायला आले ते इथलेच झाले. मार्शल लॉमध्ये लष्करातले गोरे डोक्यावरची पांढरी गांधी टोपी काठीने उडवायचे, म्हणून आमच्या पणजीने टोपी चुलीत घातली, त्यावर भात शिजवला. पणजोबा आठवडाभर उघड्या डोक्याने मिलमध्ये गेले, आणि त्या काळात उघडं डोकं म्हणजे घरात कोणी गेल्यासारखं. लोक विचारायचे, कोण वारलं? ते म्हणायचे, टोपी.

पुण्यातला_सोलापूरकर
सोलापुरातल्या प्रत्येक घरात एक टोपी चुलीत गेलेली आहे. तेवढ्या टोप्या शिवल्या कुणी हा वेगळा संशोधनाचा विषय.

पूर्वभागी
पुण्यात राहून दुसरं काय सुचणार.

पुण्यातला_सोलापूरकर
बरं, सॉरी. "टोपी" हे उत्तर मात्र भारी आहे.

मुद्द्याचं बोलतो. खरा घोळ तारखेचा आहे. १२ जानेवारीला सकाळी जिजाऊ जयंती, विवेकानंद जयंती, युवा दिन, आणि त्यात गावात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा. मी दोन वर्षांपूर्वी मुद्दाम सुट्टी काढून आलो. चार पुतळ्यापाशी सकाळी हार घातलेले, फोटो काढलेले, पाहुणे गायब. दहा वाजता तिथे मी, एक फुगेवाला आणि एक रिक्षावाला. रिक्षावाल्याने विचारलं, "होम मैदान का?" सगळं गाव यात्रेत. चौघांची आठवण ८ मेला ठेवली तर निदान तो दिवस त्यांचा एकट्याचा होईल.

बाराबंदी
यात्रेला नाव ठेवायचं काम नाही. नऊशे वर्षांची परंपरा आहे. नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या उंच काठ्या, तुमच्या सुट्टीच्या हिशेबाने निघत नाहीत.

पुण्यातला_सोलापूरकर
मी यात्रेला नाव ठेवलं नाही, तारीख बदला म्हणालो ती हुतात्मा दिनाची.

बाराबंदी
"सगळं गाव यात्रेत" हे कोणत्या सुरात लिहिलंत ते कळतंय. माझे वडील चाळीस वर्षं नंदीध्वज पेलत होते. खांद्याला घट्टा पडलेला. त्यांनी एकदाही हुतात्म्यांचा अपमान केला नाही. पहाटे अंघोळ करून बाराबंदी, म्हणजे यात्रेचा पांढरा अंगरखा, घालायचे, नंदीध्वज निघतात त्या हिरेहब्बू वाड्याकडे जाताना आधी चार पुतळ्याला वाट वाकडी करून हात जोडायचे, मग पुढं. हे तुमच्या पुण्याच्या कॅलेंडरात बसत नाही.

गरम_डोकं
बाराबंदी दादा एकदम बरोबर. आणि मे महिन्यात कार्यक्रम ठेवणार? त्रेचाळीस डिग्रीत? हार घालायच्या आधी पाहुण्यालाच सलाईन लावावं लागेल.

पूर्वभागी
१९३० चा मेसुद्धा मेच होता की ओ. तेव्हा लोक रस्त्यावर होते. तुम्हाला पाच मिनिटं उभं राहायला कूलर पाहिजे.

कसबेकर
एक गोष्ट सुचली. १९३१ सालीही संक्रांत तेव्हाच होती. म्हणजे फाशीची बातमी गावात आली ती यात्रेच्या तोंडावर. नंदीध्वज उचलायला जमलेल्या लोकांनी ती ऐकली असणार. धनशेट्टींच्या घरची, ओळखीची माणसं त्यात असणार. तारीख सरकारने निवडली, आपण नाही. मला वाटतं तारीख राहू द्यावी, आणि बाराबंदींच्या वडिलांसारखी वाट वाकडी करणारे चार जण वाढले तर बास.

बाराबंदी
हे कसबेकर बोलले ते पटलं. आधीचं नाही पटलेलं.

पुण्यातला_सोलापूरकर
म्हणजे मीच वाईट ठरलो. चालतंय. पण "चार पुतळा" हा शब्द तरी बदला ना. पुतळे मोजायचे आणि माणसं विसरायची. बसमध्ये कंडक्टर ओरडतो "चार पुतळा उतरा", पोरांना वाटतं कुठल्या तरी चार राजांचे असतील.

बाराबंदी
हे आणि एक. चौक कसा म्हणायचा तेही आता पुण्यातून ठरणार.

विजापूरवेस
मी वाचत होते, लिहिणार नव्हते. पण अजून एक फॉरवर्ड फिरतं, ते इथे कोणीच काढलं नाही: "एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान, हेच सोलापूर." दिसायला छान. आमच्या घरी ते दर १२ जानेवारीला दहा जणांकडून येतं, म्हणजे दहा जणांना त्या दिवशी आम्ही आठवतो. कुर्बान हुसेन तिथे कायम "मुसलमान" म्हणून उभा. विशी जेमतेम ओलांडलेला पोरगा, मिल कामगारांत वावरणारा, 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवणारा. त्या वर्तमानपत्रात तो काय लिहायचा, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही. "तुमच्यातलाही होता हं एक" हे मात्र शाळेपासून ऐकतेय. सारडांबद्दल त्यांच्या समाजाच्या लोकांना असं कुणी म्हणतं का ते ठाऊक नाही.

कसबेकर, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धा आहे. त्यांना चौकी जाळणारे म्हणणं चूक, तसं त्यांना ऐक्याचं पोस्टर करणंही चूक. दोन्हीकडे माणूस गायब.

गरम_डोकं
ताई, ऐक्य म्हणणं पण चुकीचं? मग बोलायचं तरी काय?

विजापूरवेस
त्यांनी काय केलं ते बोला. कोण होते ते आपोआप कळेल.

पूर्वभागी
बरोबर! आणि मिलचं नाव घ्या. दरवेळी मिल राहते.

वहीखाते
पूर्वभागी, मिल तुम्ही राहू देत नाही.

गरम_डोकं
मला एक समजत नाही. तुम्ही सगळे मिळून त्यांच्या हातातलं सगळं काढून घेताय. चौकी नाही जाळली, पोलीस नाही मारले, ऐक्याचं प्रतीक पण नाही. मग फाशी कशाबद्दल गेले? काही न करता? माझा मुलगा सातवीत आहे, त्याला मी काय सांगू, "बाळ, हे चौघे चुकून सापडले"?

कसबेकर
चुकून नाही सापडले, निवडून पकडले. हा फरक मुलाला सांगा, सातवीतल्या पोराला कळतो. धनशेट्टी, शिंदे ही रस्त्यावर लोकांत वावरणारी माणसं होती. सरकारला चौकीचा बदला घ्यायचा असता तर जमावातला कोणीही चालला असता. त्यांना गाव परत गुडघ्यावर आणायचं होतं, त्यासाठी गाव ज्यांच्या मागे जायचं ती माणसं लागत होती. हे मला चौकी जाळण्यापेक्षा मोठं वाटतं. तुम्हाला वाटत नसेल तर आपलं जमणार नाही.

आणि हो, लोकांनी आग लावली त्याचं मी समर्थन टाळतोय असं वाटलं असेल तर तेही सांगतो. त्या जळालेल्या चौकीत जे दोन पोलीस मेले ते गोरे नव्हते. पगारासाठी नोकरी करणारी आपल्यासारखीच माणसं. हे म्हणालो म्हणून आता मला इंग्रजांचा दलाल म्हणा.

गरम_डोकं
म्हणणारच होतो, तुम्हीच आधी म्हणून मोकळे झालात.

माझे चुलते पोलिसात होते. दंगलीत ड्यूटीवर डोक्यात दगड बसला, एका कानाने ऐकू येणं गेलं. ते कुणी पोस्टमध्ये लिहीत नाही. म्हणून त्या दोघांचं तुम्ही काढलंत तेव्हा जरा थांबलो. पण शिवदारे पडला तेव्हा गोळी झाडणाऱ्यांच्या बाजूला कोण उभं होतं, तेही विसरू नका.

कसबेकर
विसरत नाही.

विजापूरवेस
आता पोस्टचं काय करणार ते सांगा. पुढच्या वर्षी परत तीच येणार आहे.

गरम_डोकं
बरं बाबा. गांधींचं वाक्य काढतो, वहीखात्यांनी तारखा दिल्या म्हणून, गांधींवर प्रेम आलंय म्हणून नाही. "चौकी जाळली, पोलीस मारले" हे "चौकी जाळल्याच्या आरोपावरून" करतो. ऐकायला पांचट लागतं, पण करतो. वाघ राहणार. आणि "हसत हसत" राहणार.

कसबेकर
हसत हसत गेले हे कुणी पाहिलं?

गरम_डोकं
तुमच्या आजोबांना विचारा. सगळं त्यांनाच माहीत होतं.

वहीखाते
आणि "एकमेव मार्शल लॉ"?

गरम_डोकं
ते पेशावरवाल्यांनी येऊन सांगितलं की काढतो.

पूर्वभागी
मिलचं एक वाक्य टाका की ओ त्यात.

गरम_डोकं
वाघाच्या खाली जागा आहे थोडी. पाठवा, एकच ओळ.